वाचक विचारतात : पहिली नटी कोणती?

प्रश्न : ताई, माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी ‘मूकपटातली पहिली नटी’ हा विषय घेतला आहे. सासूबाई म्हणतात, पहिली नटी म्हणजे दादासाहेब फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, आपल्या नाशिकचीच. मुलीच्या मैत्रिणीची आई सांगते, कमलाबाई गोखले. कोणाचं धरायचं? आणि हे चित्रपट बघायला मिळतात का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : मंदाकिनीबद्दल सासूबाईंना वाटणारा अभिमान रास्तच आहे, पण ती पडद्यावर आली १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये. कमलाबाई त्याआधी पाच वर्षं कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि त्याही एकट्या नाहीत. सोबत त्यांची आई होती, दुर्गाबाई कामत. प्रकल्पात दोघींची नावं शेजारी शेजारी लिहायला सांगा.

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी फाळक्यांनी खूप शोध घेतला, पण तारामतीसाठी एकही बाई मिळाली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना लुगडं नेसवावं लागलं. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लागला, चालला, आणि फाळके बिऱ्हाड-बाजलं घेऊन नाशिकला आले. इथे त्यांनी पुढचा चित्रपट हातात घेतला, ‘मोहिनी भस्मासुर’. त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा-चौदा वर्षांची कमला झाली मोहिनी.

दुर्गाबाईंचा विचार मनात आला की मी थांबतेच. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात मुलगी, पोटासाठी नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरणं. त्या काळी बायका रंगमंचावर उभ्या राहिल्या तरी लोक नावं ठेवत. सिनेमा तर त्याहून परका. तरी त्यांनी स्वतः होकार दिला आणि मुलीलाही सोबत उभं केलं. या धाडसाचा मान आपण दुर्गाबाईंना अजून पुरेसा दिलेला नाही, असं मला मनापासून वाटतं.

कमलाबाई लहानपणापासून नाटकात वाढलेल्या. पण मूकपटात गाणं ऐकू जाणार नाही, संवादही नाही. मोहिनीने भस्मासुराला भुलवायचं, नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच डोक्यावर ठेवायला लावायचा, हे सगळं डोळ्यांनी आणि अंगाने. चित्रीकरण बहुतेक उन्हाच्या भरवशावर.

मुलीला माझं एक सांगणं आहे : ‘पहिली’ या शब्दावर प्रकल्प संपवू नकोस. कमलाबाईंचं खरं आयुष्य त्यानंतरचं आहे. रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं, पण तरुणपणीच वैधव्य आलं. तीन मुलं त्यांनी नाटकांत कामं करून वाढवली. थोरले चंद्रकांत गोखले नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. विक्रम गोखले त्यांचे नातू. बाईंनी पुढे बोलपटही केले, आणि १९८० च्या ‘गहराई’तही त्या दिसतात. मोहिनीपासून तिथवर सदुसष्ट वर्षं होतात!

आता चित्रपटांचं. ‘मोहिनी भस्मासुर’ उरलेला नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच शिल्लक आहेत. त्या काळी वापरली जाणारी नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते, जुनी झाली की भुगा होते. कित्येक रिळं तर फिल्मवरची चांदी काढण्यासाठी मुद्दाम जाळली गेली. आपल्या बायकांचं पहिलं काम असं गेलं, याचा मला फार राग येतो.

कमलाबाईंना बघायचं तर रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ हा माहितीपट शोधा. त्यात वृद्ध कमलाबाई स्वतः बोलतात. आणि सासूबाईंसाठी १९१९ चा ‘कालिया मर्दन’ लावा, त्याचा बराच भाग वाचला आहे. सुरुवातीला छोटी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव करून दाखवते, मग कृष्ण होते. मुलीला तेवढा भाग दोनदा दाखवा. शक्य झालं तर एका रविवारी तिला पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकातही न्या. प्रकल्पात एक नाव आणखी घालायला सांगा, दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके. त्या पडद्यावर कधी आल्या नाहीत, पण दादरच्या घरी फिल्मला छिद्रं पाडणं आणि ती धुणं हे काम शिकून त्यांनी केलं, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच करत.