कानांनी पाहायचा सिनेमा

प्रश्न : पोळ्या लाटताना मी जुन्या सिनेमांवरचे पॉडकास्ट ऐकते. बहुतेकांत नटनट्यांचे किस्सेच असतात. सिनेमा घडतो कसा, हे नुसतं ऐकून कळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कळेल, ताई. काही गोष्टी तर कानांनीच कळतात. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) घ्या. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीची ही गोष्ट. व्ही. शांताराम यांनी तिला वेगळं पार्श्वसंगीत दिलंच नाही. जे वाजतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं की त्या निर्णयाची छाती कळते.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री मी तो हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकला. काकासाहेबांच्या, म्हणजे त्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं घड्याळ टिकटिकतंय आणि बाकी सगळं गप्प. मला एकदम त्या मुलीसारखं कोंडल्यासारखं झालं. मधूनच खरखर येते, तीही ऐका. तेव्हा आवाज फिल्मच्या कडेला, चित्राशेजारच्या अरुंद पट्टीवर प्रकाशाने उमटवत. त्या पट्टीवरचा ओरखडा असा कानाला लागतो.

म्हणून नटांपेक्षा ध्वनिमुद्रक, संकलक, कलादिग्दर्शक बोलतात ते भाग निवडा. आधी सिनेमातली दहा मिनिटं पाहा, मग पॉडकास्ट ऐका आणि तीच दहा मिनिटं पुन्हा पाहा. त्या वेळी मात्र पोळ्या बाजूला ठेवा.