रत्नागिरीच्या कॉलेजात बसून भाराखाली वस्तू किती वाकते अशी भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवणाऱ्या फेनिक्ससारख्या (FEniCS) मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावता येतो का?

येतो की. फेनिक्स २००३ मध्ये सुरू झालं तेच शिकागो विद्यापीठ आणि स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाच्या जोडकामातून, त्यामुळे अंतराची भीती सोडा. फक्त एकदम नवं मॉडेल पाठवू नका. आधी एका टोकाला रोवलेल्या सडपातळ तुळईचं गणित चालवा आणि मोकळ्या टोकावर भार ठेवून त्या टोकाचा झुकाव सूत्राशी (भार गुणिले लांबीचा घन, भागिले ३ ईआय; ई म्हणजे पदार्थाचा ताठपणा, आय म्हणजे तुळईच्या छेदाच्या आकारावरून येणारा आकडा) ताडून बघा. जुळलं की आपला जांभा दगड घ्या: सच्छिद्र, खाणीत मऊ, उन्हावाऱ्यात घट्ट होणारा. भिजलेला चिरा सुक्यापेक्षा कमी भार सोसतो. सिव्हिलच्या लॅबमध्ये दाबयंत्र असेलच. दोन्ही चिरे फोडा, आकडे कोडसोबत खुले ठेवा. माझ्या मते ते कोडपेक्षा मोलाचे. आणि हो, पावसाळ्यात वीज जाते, मधले निकाल फाईलीत साठवत जा!