बरोबरच्या मुलाला तीन हजार जास्त का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमा करून दोन वर्षांपूर्वी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्शनला लागली, पगार १४ हजार. तिच्याच बॅचचा मुलगा त्याच दिवशी त्याच कामावर लागला, त्याला १७ हजार. विचारलं तर साहेब म्हणाले, "त्याला घर चालवायचं आहे, आणि सध्या ऑर्डरीही कमी आहेत." आता हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तिचा इंटरव्ह्यू आहे आणि तिथे चालू पगाराची स्लिप मागितली आहे. तिचे बाबा म्हणतात, उद्या लग्न होऊन जाणार, वाद कशाला. तुम्ही विचारता, गप्प बसावं का?

नाही बसायचं. पण सुरुवात अर्जाने नको, वहीने करा.

कायदा माणूस बघत नाही, काम बघतो. १९७६ चा समान वेतन कायदा होता, त्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेने घेतली. मूळ मुद्दा तोच राहिला: एकाच मालकाकडे सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल, तर बाई म्हणून पगार कमी देता येत नाही. सारखं ठरवताना लागणारं कौशल्य, कष्ट, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती बघतात. घर कोण चालवतं हे त्यात कुठेच येत नाही. ऑर्डरींचं कारणही टिकत नाही. महिला स्टेनोग्राफरच्या पगाराच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या ऐपतीवर हा कायदा अवलंबून नाही. आणि त्या मुलाचा पगार खाली ओढून बरोबरी दाखवायलाही मनाई आहे.

म्हणून वही. रोज कोणत्या ड्रॉइंगचे किती पीस तपासले, मायक्रोमीटरवर की सीएमएमवर (सुट्या भागांची मापं अचूक घेणाऱ्या मशीनवर), रिपोर्टवर सही कोणाची, रिजेक्शन झालं तर जाब कोणाला विचारला, एवढं महिनाभर लिहू दे. नेमणूकपत्र आणि सगळ्या स्लिपा एका फाइलमध्ये ठेवा. स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे, मिळत नसेल तर लेखी मागावी.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ती मुलीला विचारा. तो मुलगा रात्रपाळी करतो का? करत असेल तर त्याचा भत्ता वेगळा असू शकतो आणि तीन हजारांतला तेवढा भाग बाजूला काढूनच बोलावं लागेल. मात्र तिला रात्रपाळी कधी विचारलीच नसेल, तर तेही वहीत लिहा. संमती आणि सुरक्षेच्या अटींवर बायकांनाही ती करता येते.

कायदा केंद्राचा असला तरी अशा खासगी कारखान्यांत अंमल राज्याचा, म्हणजे कर्नाटकच्या कामगार खात्याचा. दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. तो ती स्वतः करू शकते, तिच्या वतीने कामगार संघटनाही करू शकते. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलात तर काम लवकर हलतं. वडगाव-शहापुरात लिहून देणारे भेटतील. भाषेची अडचण म्हणून मागे फिरणारी घरं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं. बाबांना निपाणीची आठवण द्या. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायका १९८० च्या आसपास संघटित होऊन मजुरीसाठी उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कितीतरी लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या होत्या.

आता इंटरव्ह्यू. खरा धोका मला तिथे दिसतो. १४ वर दोन-तीन हजार चढवून पगार ठरला, तर आजचा अन्याय पुढच्या प्रत्येक नोकरीत तिच्याबरोबर जाईल. अमेरिकेतल्या काही राज्यांनी नेमकं हेच ओळखलं. मॅसॅच्युसेट्समध्ये जुलै २०१८ पासून पगार ठरवून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारता येत नाही. कोलोरॅडोत २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची किमान-कमाल मर्यादा छापावी लागते. आपल्याकडे अशी बंदी नाही, तेव्हा स्लिप मागितली तर द्यावी. आकडा फुगवून सांगू नये, पीएफच्या नोंदीत तो दिसतोच. पण पगाराचा विषय निघाला की आधी तिनेच विचारावं, "या पदासाठी तुम्ही किती धरलंय?" मग म्हणावं, "माझा आताचा पगार माझ्या कामापेक्षा कमी आहे. मी सीएमएमवर तपासणी करते, रिपोर्टवर सही माझी असते. या पदाचा जो पगार असेल, तो मला हवा." वहीतलं पान जवळ असेल तर हे म्हणताना आवाज कापत नाही. घरी दोनदा म्हणून घ्या.

ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. नोकरी सोडली तरी मागच्या फरकाचा दावा मुदतीत करता येतो, त्यामुळे दोन्हींतलं एकच निवडायचं असं नाही.

आणि त्या मुलाशी आधी बोला. त्याने विश्वासाने पगार सांगितला म्हणून तर हे कळलं. त्याचा आकडा अर्जात घालण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला तर त्याचं नाव न घेता, या कामाला पुरुषांना किती देता एवढंच खात्यामार्फत विचारता येईल. तो हो म्हणाला तर दोघांना रविवारी माझ्याकडे पाठवा, वही आणि फाइल घेऊन.