माझ्या टँकमधल्या कॉन्व्हिक्ट सिक्लिड माशांच्या जोडीत नर मादीला मारतोय, अंडीही दोनदा खाल्ली. दोघांना वेगळं करू का?

हो, आजच करा. तुम्ही लिहिलंय की मादीची शेपटी फाटलीय आणि ती दिवसभर वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपला चिकटून असते. म्हणजे खाली तिला जागाच उरलेली नाही. दोन फुटी टँकमध्ये ती पळून जाणार तरी कुठे? माझी पहिली मादी अशीच गेली. भांडुपच्या घरी तेव्हा माझाही दोन फुटीच टँक होता. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती हीटरच्या मागे मेलेली दिसली. अजून आठवलं की वाईट वाटतं.

कायमचं वेगळं करायची मात्र गरज नाही. जखम भरेपर्यंत मधे जाळी घट्ट बसवा. मग त्याच जाळीला खालच्या कोपऱ्यात एक भोक पाडा, मादी सहज जाईल पण नर जाणार नाही एवढंच. कॉन्व्हिक्टचा नर मादीपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून हे जमतं. अंडी घालायला मातीची कुंडी आडवी करून नराच्या बाजूला ठेवा, मादीच्या बाजूला दगड आणि झाडं. तिला जायचं असेल तेव्हा ती जाईल, मार बसायला लागला की परत येईल. पहिल्या दिवशी लक्ष ठेवा, नर तोंड घालून अडकायला नको. आणि जमेल तेव्हा तीन फुटी टँक घ्या. जोडीसाठी तेवढा हवाच.

अंडी दोनदा खाल्ली म्हणून खचू नका. नव्या जोडीचं पहिल्या एक-दोन वेळेला असं होतंच. नराने फळवली नाहीत ती अंडी पांढरी पडतात आणि आईबाप ती खाऊन टाकतात. घाबरले तर चांगलीही खातात. तेव्हा मादीच्या पोटाची केशरी झाक गडद झाली आणि ती कुंडी आतून तोंडाने घासायला लागली, की टँकच्या तीन बाजूंना कागद लावा आणि टॉर्च मारून बघणं बंद करा. पाणी बदलायचं ते थोडंथोडं, तेही अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालून. पावसाळ्यात आमच्याकडे नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा तर विसरूच नका.

पाणी २६ ते २८ अंशांवर असेल तर साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं पोहायला आणखी चार-पाच दिवस. तोवर पॉवर फिल्टर काढून स्पंज फिल्टर लावा, नाहीतर सगळी आत ओढली जातील. खायला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं घाला. मुंबईच्या उकाड्यात त्याची अंडी दीड दिवसाच्या आत फुटतात. उकडलेल्या अंड्याचा बलक घालू नका, पाणी नासतं.

मग एकदा शांत बसून बघा. आई तळाशी टेकून पर जोरात फडफडवते, रेतीतून बारीक कण उडतात आणि पिल्लांचा ढग ते टिपायला धावतो. संध्याकाळी ती पिल्लं तोंडात घेते तेव्हा घाबरू नका. खात नाही, रेतीत केलेल्या खड्ड्यात नेऊन थुंकते. हे मासे मूळचे मध्य अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांतले, तिथे पिल्लांवर टपलेले मासे भरपूर. तुम्हाला जो राग दिसतो, त्याच्या जोरावरच तिथे त्यांची पिल्लं वाचतात. म्हणून त्यांच्यासोबत दुसरे मासे ठेवू नका, मार खाऊन मरतील.

पिल्लं शंभरावर होतील. ती कोण घेणार हे आधी ठरवा. कुर्ल्याचे दुकानदार आम्हाला सरळ नाही म्हणतात, कारण कॉन्व्हिक्टला गिऱ्हाईक कमी. पण म्हणून पवई तलावात कधीही सोडू नका. आफ्रिकेतला तिलापिया मासाही याच सिक्लिड कुळातला. तो १९५२ साली भारतात आणला आणि पसरत पसरत आज पवईतही आहे. मला पिल्लं नको असतील तेव्हा मी अंडी घातली त्याच दिवशी कुंडी बाहेर काढून धुऊन टाकतो.