डिसेंबरच्या मतदानाकडे नको, ८४,६०० कडे बघा

प्रश्न : आम्ही टेक्सासात प्लेनोला राहतो. मी ५९ वर्षांची, नवरा ६१. त्याची आयटीतली नोकरी गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून आरोग्यविमा ओबामाकेअरच्या मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घेतो. माझ्या बुककीपिंगच्या कामातून वर्षाला ४६,००० डॉलर सुटतात. त्याच्या आयआरएमधून (निवृत्तीच्या खात्यातून) ३२,००० काढतो. इथल्या फंडांचा लाभांश आणि व्याज ६,०००, पुण्यातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवींचं व्याज ६,०००. बचत खात्यात १,२०,००० आहेत. या वर्षी, २०२५ मध्ये, सिल्व्हर (मधल्या पातळीच्या) प्लॅनला महिना सुमारे ६१५ डॉलर पडले. जानेवारीपासून त्याच प्लॅनचे २,३५० दाखवतात, त्याखालच्या ब्रॉन्झचे १,६५०. नवरा म्हणतो, विम्याच्या सरकारी सबसिडीची मुदत वाढवण्यावर डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान आहे, तोवर थांबू. नाहीच जमलं तर विमा सोडू आणि काही झालं तर पुण्याला जाऊ. त्याला मधुमेह आणि बीपी आहे, माझा गुडघा बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. कोथरूडचा फ्लॅट पुढच्या वर्षी विकावा असंही मनात आहे. घरात रोज वाद होतात. नवऱ्याच्या मते डेमोक्रॅटांनी सरकार बंद पाडून घोळ घातला, मुलीच्या मते रिपब्लिकनांनी सबसिडी मारली. काय करावं?

उत्तर : विमा सोडू नका आणि मतदानासाठी थांबूही नका. १५ डिसेंबरच्या आत मार्केटप्लेसवर बसून प्लॅन निवडा. तुमच्या आकड्यांत एक गोष्ट अशी आहे की ती नीट हाताळली तर २,३५० चा प्रश्नच उरत नाही. ती सांगतेच, पण आधी घरातल्या वादाबद्दल बोलू, कारण तुमचा निर्णय त्या वादापायीच अडून बसला आहे.

या वर्षी तुम्हाला जी जास्तीची सबसिडी मिळाली ती २०२१ च्या कायद्याने आली. उत्पन्न कितीही असो, ठरावीक सिल्व्हर प्लॅनसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त भरावं लागणार नाही, अशी ती सोय होती. २०२२ मध्ये तिची मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढवली. दोन्ही कायदे डेमोक्रॅटांनी एकट्याच्या मतांवर केले आणि शेवटची तारीखही त्यांनीच घातली, कारण कायमची सोय करण्याचा खर्च त्यांच्या हिशोबात बसत नव्हता. हे तुमच्या यजमानांनी धरून ठेवावं. आता मुलीची बाजू. २०२५ मध्ये व्हाइट हाउस, सिनेट आणि हाउस (प्रतिनिधिगृह) तिन्ही रिपब्लिकनांकडे आहेत. ४ जुलैला सही झालेल्या मोठ्या कायद्यात त्यांनी २०१७ ची बरीचशी करकपात कायम केली, पण या सबसिडीची मुदत वाढवली नाही. करायची असती तर जागा तीच होती.

मग १ ऑक्टोबरला शटडाऊन लागला. सिनेटमध्ये खर्चाचं विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागतात आणि रिपब्लिकनांकडे ५३ आहेत. डेमोक्रॅटांनी सबसिडीच्या बदल्यात मतं अडवली. रिपब्लिकन म्हणाले, आधी सरकार उघडा, मग बोलू, आणि हाउस १९ सप्टेंबरनंतर थेट १२ नोव्हेंबरलाच मतदानाला बसलं. एकूण ४३ दिवस, अमेरिकेच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लांब शटडाऊन. केंद्रीय नोकर पगाराविना राहिले, फूड स्टँपवर (सरकारी अन्नमदतीवर) जगणाऱ्या कुटुंबांचे नोव्हेंबरात हाल झाले. शेवटी डेमोक्रॅटांच्या गटातल्या आठ सिनेटरांनी मतं दिली आणि बदल्यात बहुमताचे नेते जॉन थून यांच्याकडून डिसेंबरमध्ये मतदान घेण्याचा शब्द मिळाला. शब्द मतदानाचा आहे, मंजुरीचा नाही. हाउसचे स्पीकर माइक जॉन्सन यांनी तर तेवढाही शब्द दिलेला नाही.

माझं मत विचाराल तर २०२५ मध्ये सत्ता हातात असलेल्यांवर जबाबदारी जास्त येते, आणि मुदतीचा खटका ठेवून गेलेल्यांनाही हात झटकता येणार नाहीत. पण एक गोष्ट दोघांच्याही वादात निसटते. शटडाऊनने तुमचा प्रीमियम एक डॉलरनेही वाढवला नाही. २०२५ ची सबसिडी बंदच्या काळातही चालू होती, कारण ती वार्षिक खर्चाच्या विधेयकावर अवलंबून नाही. ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडण्याचा काळही बंदच्या काळातच १ नोव्हेंबरला सुरू झालं. शटडाऊन लागला नसता तरी ३१ डिसेंबर आला असताच.

हे लिहिते आहे तेव्हा डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा चालू आहे. आज छापलेला कायदा असा : १ जानेवारीपासून सबसिडी मिळेल ती दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नालाच. दोन माणसांच्या घराला २०२६ साठी ती मर्यादा ८४,६०० डॉलर. त्याच्या आत असलात तर वरच्या टप्प्यात उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांपर्यंत तुम्ही भरायचं, बाकी सरकार. एका डॉलरने वर गेलात तर सरकार शून्य. तुमच्या वयाच्या माणसांना हे सर्वांत जास्त भोवतं, कारण साठीच्या आसपास मूळ प्रीमियमच तरुणांच्या जवळजवळ तिप्पट असतो. तिशीतल्या जोडप्याची सबसिडी गेली तर त्यांना चटका बसतो. तुमची गेली तर महिना २,३५० प्रमाणे वर्षाला २८,२०० डॉलर प्रीमियममध्ये जातात, म्हणजे उत्पन्नाचा तिसरा हिस्सा.

तुम्ही मार्केटप्लेसवर ९०,००० घातले असणार. तो आकडा बरोबर नाही. स्वतःच्या व्यवसायावर तुम्ही जो सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर भरता त्याचा अर्धा भाग उत्पन्नातून वजा होतो. ४६,००० नफ्यावर ती वजावट सुमारे ३,२५० होते. म्हणजे हिशोबाचं उत्पन्न ८६,७५०. मर्यादेच्या फक्त २,१५० वर! सबसिडीचा सगळा डोंगर या एवढ्याशा फरकावर उभा आहे.

आता यजमानांच्या आयआरएकडे या. तुमच्याकडे बचत खात्यात १,२०,००० आहेत आणि तरी तुम्ही दर वर्षी आयआरएमधून ३२,००० काढता. आयआरएमधला काढलेला प्रत्येक डॉलर उत्पन्नात धरला जातो. बचत खात्यातून काढलेला धरला जात नाही, तो तुमचाच, कर भरून झालेला पैसा. २०२६ मध्ये आयआरएमधून १५,००० काढा आणि उरलेले १७,००० बचतीतून घ्या. घरखर्चाला पैसे तेवढेच आले, पण हिशोबाचं उत्पन्न ६९,७५० वर आलं. त्याचे ९.९६ टक्के म्हणजे ६,९४७. त्या सिल्व्हर प्लॅनचे वर्षाचे २८,२००, म्हणून सबसिडी २१,२५३. प्लॅन सिल्व्हरच ठेवलात तर महिना ५७९ डॉलर, या वर्षीपेक्षाही कमी. ब्रॉन्झ घेतलात तर तिचे वर्षाचे १९,८०० सबसिडीपेक्षा कमी आहेत, म्हणजे खिशातून जवळजवळ काहीच नाही. आणि बचतीतून घेतलेले १७,००० कुठे गेले नाहीत, तेवढेच आयआरएमध्ये शिल्लक राहिले. ही सोय एका वर्षापुरतीच नाही. यजमान २०२९ मध्ये ६५ चे होऊन मेडिकेअरवर (ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर) जाईपर्यंत तुमची बचत याला पुरते.

यजमान म्हणत असतील की एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, ते धरायचं कशाला, तर त्यांना थांबवा. (पत्रात तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण ही समजूत आपल्या लोकांत इतकी पसरलेली आहे की सांगायलाच हवं.) भारतात करमुक्त असलेलं ते व्याज अमेरिकेत पूर्ण करपात्र आहे आणि सबसिडीच्या हिशोबातही पूर्ण धरलं जातं. २०१५ पासूनच्या करारामुळे भारतीय बँकांकडची माहिती अमेरिकेच्या कर खात्याकडे जाते. आधी उत्पन्न कमी दाखवलं आणि नंतर चूक निघाली तर पूर्वी काही उत्पन्नगटांना परतफेडीची कमाल मर्यादा होती. जुलैच्या त्याच कायद्याने २०२६ पासून ती काढून टाकली. ८४,६०० च्या वर गेलात तर २०२७ च्या एप्रिलमध्ये २१,००० डॉलर एकरकमी परत करावे लागतील. म्हणून ८४,५०० वर नेम धरू नका, डिसेंबरच्या अखेरीला म्युच्युअल फंड अचानक लाभांश वाटतात आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. ७५,००० च्या वर जाऊच नये असं ठरवा. अर्जात उत्पन्नाचा अंदाज याच योजनेप्रमाणे घाला आणि वर्षभर तसंच वागा.

फ्लॅटचं उत्तरही यातच आहे. कोथरूडचा फ्लॅट २०२६ मध्ये विकलात तर नफा त्या वर्षाच्या उत्पन्नात येईल. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला इथे मिळेल, त्याने कर कमी होतो, उत्पन्न कमी होत नाही. सबसिडी त्या वर्षी गेलीच. पैशाची निकड नसेल तर तुम्ही दोघं मेडिकेअरवर जाईपर्यंत फ्लॅट राहू द्या. विकावाच लागला तर विकण्याच्या वर्षी सबसिडीवर पाणी सोडा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांना लागणारे आयआरएचे पैसेही त्याच वर्षी, कराचा टप्पा बघून, काढून ठेवा. म्हणजे मर्यादा एकदाच ओलांडली जाईल.

विमा सोडण्याबद्दल मला स्पष्टच लिहायचं आहे. २०१९ पासून विमा नसला तर केंद्राचा दंड नाही हे खरं. पण ६१ वर्षांच्या मधुमेही माणसाने अमेरिकेत विम्याविना एक वर्ष काढावं, हा हिशोब मला कुठल्याही आकड्यांत बसवता येत नाही. ठरवून केलेली शस्त्रक्रिया पुण्याला होऊ शकते. प्लेनोमध्ये रात्री दोनला छातीत कळ आली तर पुणे नसतं, अँब्युलन्स असते, आणि कॅथ लॅबचं बिल असतं. आजारी पडलो म्हणून वर्षाच्या मध्ये मार्केटप्लेसचा विमाही मिळत नाही. भारतातली पॉलिसी काढून भागेल असं वाटत असेल तर तिथेही आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि उपचार सहसा भारतातच करावा लागतो.

गुडघ्याचं मात्र वेगळं आहे, आणि इथे पुण्याचा विचार मला पटतो. भारतात २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे. २०२६ पासून मार्केटप्लेसवरचे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला (आरोग्यखर्चासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याला) पात्र झाले आहेत. त्यात पैसे घालण्याची कुटुंबासाठी मर्यादा ८,७५० डॉलर, शिवाय तुम्ही दोघं ५५ च्या वरचे म्हणून प्रत्येकी १,००० आपापल्या खात्यात. एकूण १०,७५०. हे पैसे उत्पन्नातून वजा होतात, त्यामुळे ८४,६०० पासून तुम्ही आणखी खाली राहता. परदेशात केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्चही एचएसएमधून करता येतो, फक्त रुग्णालयाची बिलं आणि पावत्या नीट ठेवा. तिथून आणलेली औषधं सहसा त्यात बसत नाहीत.

म्हणून माझी पसंती ब्रॉन्झ आणि एचएसए. एकच अट आहे. यजमानांची मधुमेहाची औषधं त्या प्लॅनच्या यादीत आहेत का आणि त्यांचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का, हे सही करण्याआधी बघा. ब्रॉन्झमध्ये सुरुवातीचा खर्च तुमचाच असतो. कितीही वाईट वर्ष गेलं तरी नेटवर्कमधला तुमचा खर्च २०२६ मध्ये एकाला १०,६०० आणि दोघांना मिळून २१,२०० च्या वर जाऊ शकत नाही. ते पैसे तुमच्या बचतीत आहेत. औषधं यादीत नसतील किंवा दर महिन्याचं बिल जड जाईल असं दिसलं तर ५७९ देऊन सिल्व्हर घ्या, त्यात कमीपणा नाही.

प्लॅन हेल्थकेअर डॉट गव्हवरूनच घ्या. कंपनीकडून किंवा एजंटकडून बाहेर घेतलेल्या पॉलिसीवर सबसिडी कधीच मिळत नाही, तीच कंपनी असली तरी. काहीच केलं नाहीत तर जुना सिल्व्हर आपोआप चालू राहील आणि ९०,००० च्या उत्पन्नाप्रमाणे २,३५० चं बिल येईल. १५ डिसेंबरच्या आत निवडलंत तर १ जानेवारीपासून संरक्षण मिळतं, आणि १५ जानेवारीपर्यंत प्लॅन बदलता येतो. उद्या वॉशिंग्टनमध्ये खरोखर सबसिडी वाढलीच, तरी मार्केटप्लेसचा प्लॅन हातात असल्यामुळे ती तुम्हाला मिळेल, अर्ज सुधारून किंवा टॅक्स रिटर्न भरताना. म्हणजे आज निवडल्याने तुमचं काहीच जात नाही, थांबल्याने मात्र जानेवारी विम्याविना किंवा २,३५० देऊन जातो.

मुलीसाठी एक. तिच्या मित्रमैत्रिणींत एच-१बी वर असलेले आणि मार्केटप्लेसमधून विमा घेणारे कोणी असतील तर तिला हे त्यांच्या कानावर घालायला सांगा : जुलैच्या कायद्याने २०२७ पासून ही सबसिडी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही मोजक्या गटांपुरतीच राहणार आहे, एच-१बी त्यात नाही. पालकांना ग्रीन कार्डवर आणून त्यांचा विमा इथून काढणाऱ्यांनीही नियम पुन्हा तपासावेत. दारिद्र्यरेषेच्या खाली उत्पन्न असलेल्या नव्या स्थलांतरितांना २०२६ पासूनच ती मिळणार नाही.

आज रात्री अर्ज उघडा, उत्पन्नाच्या रकान्यात ९०,००० खोडून नव्या योजनेचा आकडा घाला आणि दोन्ही प्लॅनचे दर परत बघा. ते दर मी लिहिलेल्यापेक्षा फार वेगळे दिसले तर १२ तारखेच्या आत मला कळवा, म्हणजे मुदतीआधी उत्तर देता येईल.