प्रोजेस्टेरॉन ८ आणि बीटा एचसीजी ४२ आलंय, म्हणजे दिवस राहिलेत का?

होय ताई, बहुतेक राहिलेत. प्रोजेस्टेरॉन हे बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन; ते मिलीमागे ३ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की बीज सुटलं असं धरतात. ही तपासणी पाळी सुरू झाल्यापासून २१व्या दिवशी सांगतात ती २८ दिवसांच्या पाळीसाठी. माझी पाळी ३५ दिवसांची. २१व्या दिवशी गुहागरहून एसटीने चिपळूणला जाऊन रक्त दिलं नि कमी आकडा बघून रडत परतले. खरं तर २८व्या दिवशी द्यायला हवं होतं.

बीटा एचसीजी हे दिवस राहिल्यावर रक्तात वाढणारं हार्मोन; ते २५च्या वर म्हणजे पॉझिटिव्ह, पण एका आकड्यावर थांबू नका. ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा, साधारण दीडपट तरी वाढायला हवा. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव झाला, तर सकाळच्या गाडीची वाट न बघता रात्रीच डॉक्टर गाठा.