‘चतुर्गुणित’मधला गुण कोणता?

प्रश्न असा आलाय : ‘ऊतिसंवर्धनात (टिश्यूकल्चर, म्हणजे वनस्पतीचा तुकडा बाटलीत वाढवून रोपं करणं) कधीकधी चतुर्गुणित पेशी तयार होतात, असं वाचलं. म्हणजे चौपट गुणांची रोपं का? आणि गुणसूत्रातला गुण तो हाच का?’

नाही. चतुर्गुणितमधला गुण गुणाकारातला आहे, दुप्पट-चौपटचा. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले आनुवंशिक माहिती वाहणारे धागे; त्यांतला गुण म्हणजे गुणधर्म, ‘मुलानं आजोबांचे गुण घेतले’ म्हणतो तो. शब्द एक, कामं दोन, आणि गफलत इथेच होते.

तंबाखूचं उदाहरण घ्या. तिच्या साध्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात, २४ चे दोन संच. खोडाच्या गाभ्याचा तुकडा बाटलीत, संप्रेरकं घातलेल्या आगरवर (शेवाळापासूनच्या जेलीवर) वाढवला की पेशींचा बेढब गोळा होतो. त्याला कॅलस म्हणतात. (मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कडक कातडी. कुदळ मारून हाताला पडतो तो घट्टाच की!) या गोळ्यातल्या काही पेशी गुणसूत्रांची नक्कल तर करतात, पण दोन व्हायचं राहून जातं. मग एकाच पेशीत ९६ गुणसूत्रं, म्हणजे दोनाचे चार संच, म्हणून चतुर्गुणित. संख्या दुप्पट झाली, गुण नव्हे. उलट अशा रोपांची पानं जाड, पर्णरंध्रं मोठी आणि बी धरायची बऱ्याचदा बोंब.

आपला नेहमीचा बटाटा मुळातच चतुर्गुणित आहे, १२ चे चार संच. बाजारातली कॅव्हेंडिश केळी त्रिगुणित, ११ चे तीन. तिथे ३३ ऐवजी ३२ किंवा ३४ झाली, तर तो बदल ‘गुणित’च्या हिशेबात बसत नाही, सरळ ‘एक कमी’, ‘एक जास्त’ म्हणावं. आणि टिश्यूकल्चरचं केळीचं रोप बुटकं निघालं म्हणून गुणसूत्रांची संख्याच बदलली, असंही समजू नये. बदल संख्येला हात न लावताही होतो.

आता माझ्या आवडीची गंमत. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी १८८८ मध्ये गुणसूत्रांना ‘क्रोमोसोम’ हे नाव दिलं, ते ग्रीकमधल्या ‘रंग’ आणि ‘शरीर’ या शब्दांवरून, कारण ही शरीरं रंजकद्रव्य पटकन पितात. गुजरातीनं तो रंग राखला : रंगसूत्र. आपण रंग सोडून गुण घेतला. पण संस्कृतात ‘गुण’ म्हणजे दोरीचा पदर, धनुष्याची दोरीही! सूत्र म्हणजे धागा, आणि ‘ऊती’चं मूळही विणण्यातच. बाटलीतल्या त्या गोळ्याचं वर्णन करायला बसलो, तर सगळे शब्द विणकराच्याच घरचे निघाले.